खुंटाजवळची जागा

लक्ष्मीबाई नगरातल्या आमच्या पार्कात संध्याकाळी शिट्टी वाजली की समजावं, भानुमतीबाई ऑफिसातून आल्या. केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्यात त्या अधिकारी आहेत. माझ्याप्रमाणेच निवृत्तीला आलेल्या. पदर खोचून, पायांत खेळाचे बूट घालून त्या वसाहतीतल्या मुलींना खो-खो शिकवतात. मी पंच म्हणून उभा राहतो.

शिवांगी ही त्यांची सर्वांत चांगली पळणारी. बाराव्या वर्षी ती अशी हुलकावणी द्यायची, की फरीदाबादच्या मंडळाच्या मुली कमरेवर हात ठेवून धापा टाकत राहायच्या. चौदावं लागलं आणि उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर ती परतली ती एकदम उंच होऊन. वळताना तिचेच पाय तिला आडवे येऊ लागले. मैदानात उतरली की लगेच बाद.

"देखो, ऊंट आ गया, ऊंट!" अकरा वर्षांची उल्का ओरडायची. शिवांगी सगळ्यांबरोबर हसायची. मग पाणी प्यायला म्हणून नळाशी जायची आणि बराच वेळ तिथेच उभी राहायची.

तिची आई विनया गुरुग्रामच्या एका कंपनीत आहे. तिने आधी मोबाइल काढून घेतला, मग पोळ्या बंद केल्या. "वजन वाढलंय तिचं, म्हणून स्लो झालीये," असा तिचा हिशेब.

सप्टेंबरात भानुमतीबाईंनी शिवांगीच्या जागी पळायला उल्काला घेतलं आणि शिवांगीला बसणाऱ्यांच्या रांगेत, अगदी टोकाच्या खांबाशी, खुंटाजवळ नेलं. आमच्या पार्कातली समजूत अशी, की जिला पळता येत नाही तीच बसते. शिवांगीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मावशी, टीमच्या बाहेर काढायचंय तर सरळ सांगा ना."

"काढायचं असतं तर घरी पाठवलं असतं. बस. चवड्यांवर."

"चवडे म्हणजे?"

"अगं देवा! पंजे, पंजे! टाचा वर."

दुसऱ्या दिवशी शिवांगी आलीच नाही. त्यानंतरही नाही. आठवडा असाच गेल्यावर भानुमतीबाई मला म्हणाल्या, "चला, तिच्या घरी जाऊन येऊ."

विनयाने चहा ठेवला. "ताई, आता तिचं मन नाहीये खेळात. आणि खरं सांगू? तिची ती स्पीडच गेली."

"गेली नाही, मागे राहिलीये. अगं, या वयात आधी पावलं वाढतात, मग पाय, मग धड. ताकद सगळ्यांच्या मागून येते, कधी वर्षभर उशिरानं. हाडं पुढे पळालीत आणि तू पोळ्या बंद केल्यास! मागून येणारीनं काय खाऊन यायचं?"

शिवांगी दारात येऊन उभी राहिली होती. तिच्याकडे पाहत भानुमतीबाई म्हणाल्या, "साताऱ्याला शाळेत मीही पळायचे. तेराव्या वर्षी अशीच वाढले. सर म्हणाले, तू आता जिराफ झालीस, घरी बस. मी बसले. शाळा संपेपर्यंत मैदानाकडे पाहिलं नाही. कॉलेजात मैत्रिणींनी ओढून नेलं, तेव्हा कळलं. अंगात जोर केव्हाच आला होता. मीच तिथे नव्हते."

"मग मी परत कधी पळणार?" शिवांगीने विचारलं.

"ते मला नाही माहीत. पण हात आजही उपयोगाचे आहेत. खुंट एका हातानं धरून पलीकडच्या मुलीपर्यंत कोण पोचेल? उल्का?"

"उल्का? वो तो छोटू है!" शिवांगीला हसू फुटलं.

दुसऱ्या दिवशी ती आली. डब्यात तूप लावलेल्या पोळ्या होत्या.

नोव्हेंबरात धुरक्यानं हवा इतकी बिघडली की पार्क बंद. भानुमतीबाईंनी आपल्या हॉलमधला सोफा भिंतीला लावला आणि मुलींना तिथेच चवड्यांवर बसवलं. 'खो' म्हटलं की उठायचं, पुन्हा बसायचं. गुडघा दुखला की थांबायचं, ही सक्त ताकीद. खालच्या मजल्यावरचे शर्माजी वर येऊन विचारून गेले, "मॅडम, भूकंप है क्या?" त्या दिवसांत शिवांगी उठताना जमिनीला हात टेकायची. हवा निवळून पुन्हा पार्कात आलो, तेव्हा ती हात न टेकताच उठत होती. तिच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

जानेवारीत फरीदाबादला सामना झाला. शिवांगीची पहिली झेप फुकट गेली, हनुवटीला माती. बाहेरून विनया किंचाळली, "लागलं का गं?"

"मम्मी, प्लीज!"

पुढच्या डावात त्यांची सर्वांत चपळ मुलगी खुंटापलीकडे निर्धास्त थांबली. शिवांगीला खो मिळाला. ती उठली, खुंट धरला आणि आडवी झाली. तो लांब हात त्या मुलीच्या पाठीला लागला आणि ती मुलगी मागे वळून पाहतच राहिली. इतक्या लांबून कुणी पोचेल असं तिला वाटलंच नव्हतं. मी शिट्टी वाजवली.

सामना आम्ही एका गुणाने हरलो. परतताना गाडीत त्याचं कुणाला फारसं वाटत नव्हतं. शिवांगी पोळीचा रोल खात होती. शेजारी बसलेल्या उल्काने हळूच विचारलं, "दीदी, मैं भी ऊंट बनूँगी क्या?"

"बनेगी. पहले जूते छोटे होंगे," शिवांगी तोंडातला घास सांभाळत म्हणाली. "तब डरना मत. मुझे बताना."

उल्काने वाकून आपल्या बुटाचं टोक दाबून पाहिलं.