चला साहेब

माझ्यापुढं कपबशी आली. आईपुढं कागदी कप.

एकाच ट्रेमधून. आम्ही मायलेक एकाच सोफ्यावर बसलो होतो. घरमालकाच्या बायकोनं आईच्या काष्ट्याकडं, भेगाळलेल्या हातांकडं एकदा पाहिलं होतं, मग आत जाऊन चहा आणला तो असा. मी पाहिलं. माझा चहा प्यायलो.

बंगला नारायणगावातला. मला भाड्यानं हवा होता तो त्यांचा पुण्यातला फ्लॅट. मी पुण्यात कारकून, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या घरात राहतो. आईच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं करायची होती. नंतर काही महिने जिना चढायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. लिफ्टची घरं माझ्या पगारात बसत नव्हती. हे एकच बसत होतं. आईला आमच्या गावाहून, घाटघरहून घेऊन निघालो आणि मालकांना भेटायला वाटेत उतरलो.

आम्ही महादेव कोळी. डोंगरातले. पण आमचं आडनाव खालच्या बागायतदारांतही आहे. फोनवर आडनाव ऐकून मालक म्हणाले होते, "जुन्नरकडचे का? मंग आपलेच की!" मी हो म्हणालो. पुढं त्यांना जे समजायचं ते समजू दिलं.

आता ते समोर बसून विचारत होते, "मंग पावणं, यंदा टोमॅटो केला का न्हाई?"

मी शब्द शोधत होतो. तेवढ्यात आईच बोलली. खुशीत होती ती. ओळखीचं घर निघालं होतं ना.

"आमचा कशाचा टमाटा, दादा! आमची भाताची आवणी. टमाटी तोडाया आमी तुमच्याच मळ्यात यायचो की, जीप भरून. तुमचं वडील लई गमती व्हतं. मला म्हनायचं, हिचं हात हैत का मशिन!"

मालक हसले. मग हसायचे थांबले. माझ्याकडं वळले.

"ह्या कोण तुमच्या?"

मी म्हणालो, "आमच्याकडं कामाला असतात."

कुणी शिकवलं नव्हतं. माझ्याच तोंडून निघालं.

"तरीच म्हणलं," मालक सैल झाले. "त्या वर डोंगरातल्या लोकांना फ्लॅट देत नाय राव मी. सोसायटी बोंब मारती. तुमच्या बाईला येऊ द्या कामाला, पण लिफ्टनं नको हां."

आई उठली. गुडघे धरत धरत सोफ्यावरून उतरली आणि खाली फरशीवर बसली. कागदी कपातला चहा फुंकून संपवला. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "चला साहेब, गाडी चुकंल."

साहेब. जन्मल्यापासून मला अरे-तुरे करणारी माझी आई. माझं खोटं उघडं पडू नये म्हणून.

स्टँडवर ती पुण्याच्या गाडीत चढलीच नाही. "मी जाते माघारी. तुला घर घावलं न्हवं? बास." मी तिला जुन्नरच्या जीपमध्ये बसवलं. अडवलं नाही. हेही लिहायलाच हवं.

पुढच्या आठवड्यात मालक पुण्यात आले. किल्ली हातात ठेवली, भाडेकरूचा पोलिसांचा फॉर्म पुढं सरकवला. मूळ गाव. सोबत राहणाऱ्यांची नावं. नातं. पेन बराच वेळ हलेना. मग लिहिलं. घाटघर. आईचं पूर्ण नाव. नातं, आई.

मालकांनी वाचलं. त्यांचं बोट घाटघरवर थांबलं. "अवो, ही त्या दिवशीची कामवाली ना?"

"आई आहे माझी. लिफ्ट तिच्यासाठीच हवी होती."

"फसवलं म्हणा की आमाला."

"फसवलं खरं. पण तिला."

त्यांनी फॉर्म बाजूला ठेवला. मग समजुतीनं म्हणाले, "बरं, तुमी राहा हो. शिकलेले आहात. म्हातारी तेवढी गावाकडंच ठेवा."

मी किल्ली टेबलावर ठेवली आणि निघालो.

घाटघरला गेलो. आई काठी टेकत बांधावरून येत होती. मी तिचे पाय धरले. "उठ रं," ती म्हणाली, "मला काय बी वाटलं नाय. मालक लोकांपुढं मी खालीच बसत आले की." तिला काही वाटलं नाही, हेच माझ्या छातीत रुतून बसलंय. पुण्याला चल म्हणालो. तिनं एवढंच विचारलं, "तिथं मी कोन म्हनून सांगशील?"

मी एकटाच पुण्याला परतलो.

आता कुठल्याही दारात भाडं विचारण्याआधी मी सांगतो. घाटघरचा. महादेव कोळी. सोबत आई राहणार, आणि ती लिफ्टनंच ये-जा करणार. आजवर एकही दार उघडलेलं नाही. तिकडं तिचे गुडघे रोज झिजतायत. ते पाप माझ्या माथ्यावर आहे, ते मी कुणावर ढकलत नाही. पण ज्या घरात माझ्या आईला सोफ्यावरून उतरावं लागेल, त्या घराची किल्ली मी हातात घेणार नाही.