धबधब्याने परत दिलेले तांदूळ

मी चौथी शिकलेली बाई. हे कुणाला दाखवायला लिहीत नाही. बोलायला गेले की माझा आवाज घशातच अडकतो, म्हणून या वहीत लिहून ठेवते. कुणी वाचलंच तर एवढं समजावं, की असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. गावात बायकांच्या अंगात यायचं तेव्हा मी बाहेर बसून त्यांच्या चपला सांभाळायचे. अंगात येऊन गेलेली प्रत्येक बाई आपली चप्पल बरोबर ओळखायची...

ऑस्ट्रेलियात कॅनबेऱ्याला, गुंगालिन नावाच्या भागात, मी मुलाकडे आले ती सुनेच्या बाळंतपणासाठी. मुलगा अमोल, सून केतकी. तिला सातवा महिना. शनिवारी घरीच डोहाळजेवण केलं. केतकीची आई मुंबईहून व्हिडिओवर होती. ओटी भरायची वेळ आली तशी ती फोनमधून म्हणाली, "विहीणबाई, तुम्ही जरा आत बसता का? वाईट वाटून घेऊ नका हं. सवाष्णींचं काम आहे."

माझे मालक जाऊन नऊ वर्षं झाली. पुरणपोळ्या मी लाटल्या होत्या, त्या चालल्या. मी आतल्या खोलीत पाहुण्यांच्या जॅकेटांच्या ढिगाशेजारी जाऊन बसले. अमोलने दार ओढून घेतलं. हळूच ओढलं, पण लावलं.

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "आई, चल, डोंगरात बर्फ पडलाय. आर्व्होपर्यंत परत येऊ." आर्व्हो म्हणजे इथली दुपार. मला वाटलं, कालचं त्याला लागलं असेल.

तासाभराच्या रस्त्यावर एक धबधबा होता. आम्ही तिघं पायवाटेने गेलो आणि मी पाहतच राहिले. सगळं पाणी कड्यावरून उतरता उतरता जागीच थांबलेलं. कुठे पांढरं, कुठे काचेसारखं निळसर. निलगिरीच्या पानापानावर बर्फ. मधूनच एखादी फांदी वाकायची, भुरभुर पीठ चाळल्यासारखा बर्फ खाली यायचा, की पुन्हा शांत. इतकं सुंदर मी आयुष्यात काही पाहिलं नव्हतं. मला रडू आलं.

"गावात सांग," अमोल हसत म्हणाला, "आमच्याकडे पाणीसुद्धा रांगेत उभं राहतं."

"आई, हसा ना जरा!" केतकी फोटो काढत होती. "फोटोत तुम्ही नेहमी कुणीतरी तुमच्यावर रागावल्यासारख्या दिसता."

थोड्या वेळाने तिला गारठा सोसेना, म्हणून दोघं गाडीकडे गेली. "पाच मिनिटं हं, आई."

मी त्याचीच वाट बघत होते. कालच्या ओटीतला एक नारळ, हिरवा खण आणि मूठभर तांदूळ मी ब्रेडच्या पिशवीत घालून जॅकेटच्या खिशात आणले होते. हळदीकुंकवाची पुडीही होती. सुनेची ओटी मला भरता आली नाही, पण नदीला विधवा-सवाष्ण कळत नाही, असं माझी आई म्हणायची. खाली एका जागी बर्फ फुटून काळं पाणी वाहत होतं. तिथे मी ओटी सोडली. म्हटलं, "बाई, पोरीला सुखरूप सोडव. आणि बाळ एकदा माझ्या मांडीवर येऊ दे."

नारळ बर्फाखाली गेला. खण गेला. तांदूळही गेले. आणि गोठलेल्या धारेच्या मागून काचेच्या बांगड्या वाजल्या. पदर पसरून ओटी घेताना हात भरलेल्या बाईच्या वाजतात, तशा. बर्फ तडकला असेल म्हणून मी वळले.

घरी आलो. गॅरेजमध्ये बूट काढायला मलाच सगळ्यांत जास्त वेळ लागला. मी आत पाऊल टाकते तोच बाळाच्या खोलीतून केतकी किंचाळली.

बाळासाठी आणलेल्या नव्या कॉटमध्ये मुठीएवढा बर्फाचा खडा होता. आत चिमूटभर तांदूळ, हळदीकुंकू लागलेले. सकाळपासून हीटर चालू, तरी खाली चादर कोरडी.

मला भीती वाटली नाही. मला आनंदच झाला! ओटी घेणारी बाई चिमूटभर तांदूळ परत ठेवते, देणाऱ्याचं घर रिकामं होऊ नये म्हणून. नदीने माझी ओटी घेतली होती. पण हे सांगायला तोंड उघडलं आणि आवाज फुटेना.

केतकीने आईला फोन लावला. फोन स्पीकरवरच होता. "अगं, करणी आहे ही! काल आत बसवलं ना, त्याचा राग काढला. त्या बाईला बाळाच्या जवळ फिरकू देऊ नकोस."

"माझ्या बाळाच्या कॉटमध्ये, आई?" केतकी माझ्याकडे वळली. "शोभतं तुम्हाला?"

अमोल मला लॉन्ड्रीत, कपडे धुवायच्या खोलीत, घेऊन गेला. "तू ठेवलेस म्हण. सॉरी म्हण. मी समजावतो तिला. नो वरीज."

"अरे, मी सगळ्यांच्या मागून आत आले ना?"

"माहितीये मला," तो म्हणाला. "तरी म्हण. नाहीतर ती तुला बाळाला हात लावू देणार नाही."

मी गेले आणि म्हणाले. मीच ठेवले, चुकले, माफ कर. केतकीने मान फिरवली. तासाभराने अमोलने माझं परतीचं तिकीट काढलं. "तू स्वतःच कबूल केलंस ना, आई. आता मी तिला काय सांगू? बाळ आलं की व्हिडिओ करू."

आज मंगळवार. बॅग दाराशी आहे. तो खडा अमोलने सिंकमध्ये गरम पाण्याखाली धरला, वितळला नाही, म्हणून बागेत फेकला. मी तो उचलून आणला. आता खिडकीत ठेवलाय, खाली हीटर चालू आहे. अजून तसाच आहे, आतले तांदूळ दिसतात.

नदीकडे मी दोन गोष्टी मागितल्या होत्या. त्यातली कोणती तिने ऐकली, मला कळत नाही. तांदूळ कॉटमध्ये कसे आले, तेही नाही. अमोलला मात्र पक्कं माहीत होतं की मी ठेवले नाहीत. मग कुणी ठेवले, हे त्याने एकदाही विचारलं नाही.