चौसष्ट अक्षरं आणि फोटोतले सासरे

भाऊजी,

वाचनालयाची स्मरणिका निघते आहे आणि तिच्यात तुमच्यावर दोन पानं मी लिहून द्यावीत, असा अध्यक्षांचा निरोप आला आहे. तुम्ही लेकीकडे राहायला गेलात, त्यामुळे मला अडवायला इथे कोणी नाही. तिऱ्हाइतासारखं लिहायला बसले, तर पहिल्याच ओळीत 'मनमिळाऊ' आणि 'निगर्वी' हे शब्द आले. कागद फाडला. तुम्ही मनमिळाऊ नाही. म्हणून सरळ तुम्हालाच लिहिते, छापणारे छापतील. प्रूफं तुमच्याकडेच येणार हे ठाऊक आहे, तेव्हा शुद्धलेखनाची काळजी मी करत नाही.

वाचणाऱ्यांसाठी सांगते. हे माझे धाकटे दीर. छत्तीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. एकाने मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने लाल पेन्सिल घेऊन छापलेल्या कागदावरच्या चुका टिपायच्या, हे त्यांचं काम. असलं काम माणूस संध्याकाळी छापखान्यात ठेवून घरी येतो अशी माझी समजूत होती. ती खोटी ठरली. आमच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका त्यांना पाठवली, तर ती लाल होऊन परत आली. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी पुरती वाचल्याशिवाय ते ताप आल्याचं मान्य करत नसत.

मग जाऊबाई गेल्या. भाऊजी, तुम्ही सहा महिने समोरच्या भिंतीकडे बघत बसलात. भिंतीत चूक सापडेना, हेच तुमचं दुखणं होतं. मी रोज येऊन बोलायची, तुम्ही हं म्हणायचात. तुम्हाला उठवलं ते वाचनालयाच्या मागच्या खोलीतल्या सहा जुन्या कॉम्प्युटरांनी. ते चालू व्हायला इतका वेळ घेत की बसलेला माणूस उठून घरी जाई. लिनक्स म्हणून एक फुकट प्रणाली असते, ती जुन्या मशीनवरही चालते, असं तुम्ही वाचनालयातल्याच एका पुस्तकात वाचलंत. त्या पुस्तकात छपाईच्या एकेचाळीस चुका निघाल्या, तरी शिकलात. खोलीची किल्ली तुमच्याकडे आली. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही दाढी करू लागलात. मला तेवढं पुरे होतं.

अध्यक्षांना मात्र पुरे नव्हतं. शनिवारी सकाळी दहा वाजता भंगारवाला येईल, म्हणाले. तोवर मशीन चालली तर राहतील, नाही तर गाडीवर चढतील आणि खोलीत जादा खुर्च्या रचून ठेवू. म्हणजे खोली गेली, किल्ली गेली आणि तुम्ही परत भिंतीसमोर. हे त्यांना कळत नव्हतं, मला कळत होतं. तुम्ही फक्त म्हणालात, "शनिवार लांब आहे." तो सोमवार होता.

लिनक्सची ती भलीमोठी फाइल इंटरनेटवरून उतरवायची आणि चकचकीत तबकडीवर, म्हणजे डिस्कवर, चढवायची. पण उतरताना वाटेत कुठे एक कण जरी बिघडला, तरी सगळं फसतं. म्हणून फाइल देणारे तिच्यासोबत चौसष्ट अक्षरा-आकड्यांची एक ओळ देतात. तिला चेकसम म्हणतात. फाइलचा अंगठ्याचा ठसाच म्हणा. आपल्याकडे आलेल्या फाइलचा ठसा आपण काढायचा, दोन्ही ओळी तंतोतंत जुळल्या तर माल चोख. हे ताडून बघायचं काम मशीनच चुटकीसरशी करतं, असं तुमच्याच पुस्तकातून मी वाचून दाखवलं. तुम्ही माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलंत आणि म्हणालात, "ज्यानं पेपर लिहिला, त्यालाच तपासायला द्यायचा?"

शिवाय देणाऱ्यांची मूळ ओळही तुम्हाला वाचनालयाच्या इंटरनेटवरून नको होती. ज्याने दूध आणलं त्यालाच पाणी घातलंय का म्हणून विचारायचं नसतं, हे तुमचं म्हणणं. तेव्हा मी माझ्या घरी, माझ्या मोबाइलवर ती ओळ उघडायची, वहीत उतरवायची आणि घरच्या जुन्या फोनवरून तुम्हाला वाचून दाखवायची. मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकले आहे. त्यात कुठे खोट काढता येईना, याचाच मला राग आला.

त्या ओळीत शून्य ते नऊ आकडे आणि ए ते एफ एवढीच अक्षरं येतात. फोनवर बी, सी, डी आणि ई सगळे एकाच आईची लेकरं वाटतात. म्हणून आपण नाती लावली आणि वहीतही मी तीच लिहिली. ए म्हणजे आत्या, म्हणजे तुमची बहीण आणि माझी नणंद. बी म्हणजे बहीण. सी म्हणजे चुलते. डी म्हणजे दीर, तुम्ही स्वतः. ई ला कोणीच मिळेना, तिथे विहीणबाई घुसल्या, त्या घुसतातच. राहिलं एफ. तुम्ही बराच विचार केलात आणि म्हणालात, "फोटोतले सासरे." मामंजी तेव्हापासून दर वाचनाला चार-पाच वेळा कामाला येऊ लागले. हयातीत ते एवढे कधी उपयोगी पडले नाहीत.

मंगळवारी पहिली फाइल उतरली. मी वहीतून वाचायला लागले. "आत्या, सात, दीर, दीर, शून्य, फोटोतले सासरे..." नणंदबाई त्या दिवशी नेमक्या माझ्याकडे आलेल्या. त्या चहाचा कप हातात धरून ऐकत राहिल्या. फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "माझं नाव आठ वेळा आलं, विहीणबाईंचं दोनदाच." काय चाललंय हे त्यांनी विचारलंच नाही. आकडा ऐकून त्या समाधानाने घरी गेल्या.

फाइल मात्र बिघडलेली होती. ते पहिल्या अक्षरालाच कळलं होतं. वहीत आत्या, तुमच्या कागदावर तीन. मी म्हटलं, संपलं, फेकून द्या. तुम्ही म्हणालात, एक चूक दिसली म्हणून कोणी प्रूफ अर्ध्यावर टाकत नाही. चौसष्टच्या चौसष्ट वाचून घेतलीत. शेवटी आवाज गंभीर केलात. "साठ चुका आहेत, वहिनी. चार बरोबर आहेत." मी म्हटलं मग ते चार ठेवून घ्या. तुम्ही हसला नाहीत. लाल केलेला तो कागद छापखान्यातल्या रीतीने तारेला टोचून ठेवलात, कारण पुस्तक बाहेर पडेपर्यंत बाद प्रूफही टाकायचं नसतं. बिघडलेली फाइलही त्याच नियमाने ठेवून दिलीत. तिथेच माशी शिंकली, पण ते पुढे.

बुधवारी फाइल पुन्हा उतरवलीत आणि उतरल्या उतरल्या तिचा ठसा काढलात. पुन्हा मी, पुन्हा आत्या. या वेळी चौसष्टच्या चौसष्ट जुळली. मग म्हणालात, "छापायला हरकत नाही." गुरुवारी डिस्क तयार केलीत. शुक्रवारी ती पहिल्या मशीनमध्ये घातलीत. अर्ध्यावर जाऊन ते अडलं. दुसरं अडलं. सहाच्या सहा त्याच जागी अडली.

शुक्रवारी दुपारी तुमचा फोन आला. आवाज भिंतीसमोरच्या त्या सहा महिन्यांतला. म्हणालात, "मशीनच गेलेली आहेत, वहिनी. माझं काम चोख होतं." मी विचारलं, चोख काम चालत कसं नाही? तुम्ही हं म्हणालात. तो हं मला ओळखीचा होता. शनिवारी नऊ वाजता पायात हाताला लागल्या त्या चपला घालून, वही घेऊन मी वाचनालयात आले.

अध्यक्ष घड्याळ बघत उभे होते. भंगारवाला लवकर आला होता, दारात गाडी लावून तराजूचे हुक सरळ करत होता. तुम्ही मशीनच्या वायरी गुंडाळत होता. मी तुम्हाला एवढंच विचारलं, तपासली ती फाइल आणि डिस्कवर चढवली ती फाइल एकच का? तुम्हाला राग आला. दोन फायली आहेत, म्हणालात. नाव एकच, फक्त एकीच्या शेवटी 'एक' लिहिलंय. ती पहिली, म्हणून बाद. बिननंबरची ती शेवटची, शुद्ध. छापखान्यात छत्तीस वर्षं हेच चाललं. पहिल्या प्रूफावर एक, दुसऱ्यावर दोन, आणि पक्क्या छपाईला जाणाऱ्या कागदावर नंबर नाही.

"तो एक कोणी लिहिला?"

"मशीननं."

"घरात एकच मूल असतं तेव्हा त्याला थोरला कोण म्हणतं, भाऊजी? दुसरं झाल्यावर नावं पडतात. पहिली आली तेव्हा तिला नंबर कशाला लागेल? दुसरी आली, नाव तेच निघालं, म्हणून मशीननं तिला एक लावला."

पण मान्य कुठलं करता. वाचून बघायला हवं, म्हणालात. त्या डिस्कचा ठसा काढलात, छापून घेतलात, लाल पेन्सिल काढलीत. माझा चष्मा घरी राहिला होता. अध्यक्षांनी नातेवाइकांची यादी वाचायला स्वच्छ नकार दिला. मग वही भंगारवाल्याच्या हातात गेली. त्याचा आवाज चार गल्ल्यांना पुरणारा. तो दारात उभा राहून सुरात वाचू लागला, "आत्या... सात... दीर... दीर... शून्य... फोटोतले सासरेऽऽ..." वाचनालयात पेपर चाळणारे तिघेजण उठून आले. समोरच्या गॅलरीत एक बाई बाहेर आल्या आणि हातानेच 'काही नको' म्हणून आत गेल्या.

वाचून संपलं. तुम्ही तारेवरून मंगळवारचा कागद काढलात आणि शेजारी ठेवलात. साठ चुका. चार बरोबर. तेच चार.

तुम्ही उभे राहिलात. अध्यक्षांकडे नाही, माझ्याकडेही नाही, त्या डिस्ककडे बघत म्हणालात, "चूक मुद्रितशोधकाची आहे." छत्तीस वर्षांत तुमच्या तोंडून हे वाक्य मी ऐकलं नव्हतं. जाऊबाईंनीही ऐकलं नसावं, नाही तर त्या मला सांगायला धावत आल्या असत्या.

'एक' लिहिलेली फाइल नव्या डिस्कवर चढवेपर्यंत दहा वाजून गेले. अध्यक्ष भंगारवाल्याला म्हणाले, उचल. तो वही घट्ट धरून म्हणाला, "आधी मेळ बसू दे, साहेब. मला घाई नाही." आणि त्याने कोणी न सांगता नव्या डिस्कसाठी पुन्हा आत्यापासून सुरुवात केली. या वेळी प्रत्येक अक्षराला तुम्ही 'हं' म्हणत होता. हा हं निराळा होता. चौसष्टावं अक्षरही फोटोतले सासरेच निघाले. ते त्याने असे आळवले की मामंजींनी ऐकलं असतं तर शिव्या घातल्या असत्या.

पावणेअकराला पहिलं मशीन चालू झालं. मान राखायचा म्हणून अध्यक्षांना खुर्चीवर बसवलं. त्यांनी एक ओळ टाइप केली. त्यांच्या खांद्यावरून वाकून तुम्ही तिच्यात दोन चुका काढल्यात. भंगारवाला रिकामी गाडी घेऊन गेला. पुढे तो दर शनिवारी त्या खोलीत बसू लागला, एवढी एकच गोष्ट अध्यक्षांना आजवर पटलेली नाही. खोली अजून आहे. सहाही मशीन चालतात. किल्ली तुमच्या खिळ्यालाच टांगलेली असते.

आता एक राहिलं. त्या दिवशी निघताना तुम्ही बाद डिस्क माझ्या पिशवीत टाकलीत आणि म्हणालात, "वहिनी, घरी गेल्यावर कात्रीने हिचे दोन तुकडे करा. पुस्तक बाहेर पडलं, आता ठेवायची नाही. कोणाच्या हाती लागली तर फसेल." मी बरं म्हटलं. लेकीकडे गेल्यापासून दर फोनला तुम्ही विचारता आणि मी विषय बदलते. ती डिस्क आमच्या गॅलरीत दोऱ्याला टांगली आहे, कबुतरं भिऊन पळावीत म्हणून. कबुतरं भीत नाहीत, तरी तुम्ही कबूल केलेली ती एकमेव चूक मी उतरवत नाही. कात्री आतल्या खणात आहे.