पदराच्या गाठीतले फ्यूज

भित्री म्हणून माणिकबाईचं नाव पंचक्रोशीत झालं होतं. माहेरी अचलपूरकडे मोटरीच्या वायरीला चिकटून मेलेली म्हैस तिनं लहानपणी पाहिली, तेव्हापासून विजेची धास्ती जी बसली ती बसलीच. नवरा, गोवर्धन, विहिरीत उतरणार म्हटलं की बाई आधी मोटरीच्या पेटीतले तिन्ही फ्यूज उपसून पदराला बांधायची. लोक हसायचे. हसोत बापडे!

यंदा शेवंतीच्या पिकासाठी गोवर्धननं नवी पेटी बसवली. वावरात एक खुंटा रोवायचा. माती सुकली की तो पेटीला बिनतारी निरोप धाडतो आणि बॅटरीवरची ही पेटी मोटर आपोआप सुरू करते; फोनवरूनही ती चालू-बंद करता येते. अमरावतीच्या दुकानदारानं सगळ्या शिवारातल्या पेट्यांना एकच पासवर्ड टाकून दिला, घरी गेल्यावर बदला म्हणाला. बदलतो कोण? एक लग्नाला गेला की दुसरा त्याची मोटर पाहायचा. शेजाऱ्याला कुलूप दाखवायचं म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हणणंच की!

त्या सकाळी मोटरीची वायर पाण्यापाशी सोलली गेली. फोनवर बंद केलीय, आता फ्यूज कशाला काढतेस, म्हणून गोवर्धन तिच्यावर करवादला. पण बाई कसली ऐकते. तो खाली उतरला. कमरेइतक्या पाण्यात उभा राहून त्यानं उघडी तार हातात धरली. ती काठावर त्याचा फोन सांभाळत बसली.

आणि फोन वाजला. वर लिहिलं होतं, मोटर चालू.

तिन्ही काढले होते ना? की दोनच? माणिकबाई पदर चाचपू लागली, पण घाईत गाठच सापडेना.

"अवो, तार सोडा! सोडा म्हंते ना!"

एक फ्यूज हाताला लागला, दुसरा लागला. तिसरा हाताला लागला तेव्हा तिनं तिन्ही मुठीत घट्ट आवळले.

आरडाओरडा ऐकून शेजारचे केशवराव धावत आले. त्यांनी नुकताच आपला खुंटा कोरड्या वावरात रोवला होता. पासवर्ड एकच, म्हणून त्याचा निरोप गोवर्धनच्या पेटीनंही ऐकला आणि मोटर चालू केल्याचं फोनला कळवलं; फ्यूज नसल्यानं तारेत वीज तेवढी आली नाही. बिचारे, त्यांना तरी काय ठाऊक! सगळं कळल्यावर त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. वर आलेल्या गोवर्धननं त्यांच्यासमोरच पासवर्ड बदलला. त्यानं सांगितला नाही आणि त्यांनीही विचारला नाही.

दिवस कलला, शेवंती माना टाकू लागली. शेवटी माणिकबाईच म्हणाली, फ्यूज लावून येऊ का? गोवर्धन आपले दोन्ही तळवे पाहत बसला होता.

"आज राहू दे," तो म्हणाला. "तुयापाशीच राहू दे."