काट्यांच्या रानातलं हळदीकुंकू

"हळू! पेशंट झोपलाय."

वाळूच्या टेकडीवर कुणी धपाधप पाय टाकत चढलं, की काकू ओठांवर बोट ठेवून असं म्हणत. नवं गवत रुजलेलं असेल तिथे तर त्या स्वतः मांजरीच्या पावलांनी चालत. एडिनबराच्या हॉस्पिटलात त्यांनी उभी हयात लोकांना भूल देण्यात घालवली होती. रिटायर झाल्यावर एवढा अवाढव्य पेशंट मिळाला, याचा त्यांना कोण आनंद!

मी इथल्या कौन्सिलमध्ये, म्हणजे नगरपालिकेत, किनाऱ्यावरच्या टेकड्या सांभाळणारा नवा माणूस. करमाळ्याच्या शाळेत शिकलेला, घरातला पहिला पदवीधर. डॉक्टर समोर आले की आपोआप उभा राहायचो. काकू टेकडीवर हौसेनं मदतीला येत; पहिल्या दिवशी मी त्यांना "मॅडम" म्हटलं.

"मॅडम ऑपरेशन थिएटरमध्ये होते. इथे काकू. जेवलास का?"

परमुलखात हा प्रश्न विचारणारं माणूस किती मोलाचं असतं, हे तुमच्यापैकी घर सोडलेल्यांना सांगायला नको.

आमची टेकडी अजब होती. पाऊस जवळजवळ रोजचा, पण वाळूत पाणी ठरत नाही. त्यामुळे तिथली झुडपं आमच्या करमाळ्याच्या माळावरच्यासारखी, दुष्काळ असल्यागत जमिनीला चिकटून जगतात. त्यातच गुडघ्याएवढा एक पांढरा रानगुलाब होता. त्याचा शेवटचा पट्टा सी बकथॉर्नच्या काट्यांत बुडत चालला होता. वाळू उडू नये म्हणून हे काटेरी झाड पूर्वी कुणीतरी हौसेनं लावलं. आपल्याकडे वेडी बाभूळ लावली, तशातलीच गत. लावणारे गेले, झाड पसरत राहिलं.

तोडणी फक्त हिवाळ्यात करता येते. मार्च लागला की पक्षी घरटी बांधतात, मग कात्रीला हात लावायचा नाही. आणखी एक वर्ष गेलं असतं तर गुलाब संपलाच होता. आणि आमचे बाकीचे स्वयंसेवक एकदा काटे टोचून घेऊन गेले की पुन्हा तोंड दाखवत नसत.

"किती माणसं हवीत?" काकूंनी विचारलं.

"मिळतील तितकी."

"बायका चालतील?"

दुसऱ्या दिवशी मराठी मंडळाच्या ग्रुपवर निमंत्रण झळकलं. संक्रांतीचं हळदीकुंकू, शनिवारी, वाळूच्या टेकडीवर. वाण उपयोगी. पेहराव: काळी साडी आणि वेलिंग्टन बूट.

ग्रुपवर एकदम शांतता पसरली. काका गेल्यापासून काकूंना हळदीकुंकवाची बोलावणी येणं बंद झालं होतं, आणि आता त्याच यजमानीण होऊन बसल्या होत्या. शेवटी एका वहिनींनी फोन केला. मी तेव्हा काकूंच्या स्वयंपाकघरात तीळ भाजत होतो. फोन स्पीकरवर होता.

"काकू, म्हणजे... तुम्ही करणार हळदीकुंकू?"

"का गं? काटे काय मंगळसूत्र बघून टोचतात?"

पलीकडे फसकन हसू. "येते. पण माझ्याकडे वेलीज नाहीयेत."

"माझ्याकडे जास्तीचे आहेत. नंबर सांग."

शनिवारी सकाळी मी एकटाच कार पार्कमध्ये उभा होतो. पाच माणसं आली तरी खूप, असं मनाशी म्हणत होतो. एक गाडी आली. मग दुसरी. मग तर रांगच लागली. काळ्या चंद्रकळा, त्यावर पफर जॅकेटं, पायांत बूट. कुत्री फिरवायला आलेली माणसं जागच्या जागी थांबली.

काकूंनी करंडा उघडला मात्र, समुद्राकडून वारा आला आणि हळद-कुंकू सगळ्यांच्या अंगावर उडालं. बायकांच्या, माझ्या, एका पांढऱ्या कुत्र्याच्याही. वाऱ्यानं कुणी सवाशीण, कुणी नाही, हे पाहिलंच नाही. फोनवरच्या त्या वहिनी पुढे झाल्या. काकूंच्या नाकावर उडालेलं कुंकू त्यांनी बोटानं टिपलं आणि पुसून न टाकता हलकेच कपाळावर लावलं. काकूंनी दोन क्षण डोळे मिटले.

मग खाकरून म्हणाल्या, "चला, वाण घ्या!"

वाण म्हणजे कोपरापर्यंत येणारे जाड चामड्याचे हातमोजे.

"तीळगूळ घ्या, गोड बोला, आणि मुळासकट उपटा!"

"काकू, धिस इज टोटली इनसेन," इथेच जन्मलेली एक डॉक्टर पोरगी फांदी ओढत म्हणाली.

"हो ना? ओढ मग. हळू! पेशंट झोपलाय."

फेब्रुवारी संपेपर्यंत दर शनिवारी बायका येत राहिल्या. कुणी डबा आणला, कुणी नवऱ्याला आणलं. शेवटच्या शनिवारी दिवस मावळताना तो पट्टा मोकळा झाला. उघड्या वाळूत गुलाबाच्या चार वाळक्या काटक्या तेवढ्या उभ्या होत्या.

पुढच्या उन्हाळ्यात काहीच फुललं नाही. माझा चेहरा पाहून काकू म्हणाल्या, "शुद्धीवर यायला वेळ लागतो रे."

त्यानंतर त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला. लेकीनं त्यांना नॉटिंगहॅमला नेलं. तिथून समुद्र लांब. टेकडीवर आता मला कुणी 'हळू' म्हणत नाही, आणि तरीही मी हळूच चालतो.

या जूनमध्ये एका सकाळी तो सगळा पट्टा पांढरा झाला होता. मी तिथूनच व्हिडिओ कॉल लावला आणि फोन फुलांवरून फिरवला. काकूंनी चष्मा पुसला, पुन्हा घातला.

"दिसलं. वास येतोय का ते सांग."

फुलं इतकी खाली, की मला वाळूत पालथं पडावं लागलं. नाक पाकळ्यांत खुपसलं.

"येतोय, काकू. गोड. मधासारखा."

पडद्यावर काकूंनी खोल श्वास घेतला, वास तिथवर पोचल्यासारखा.

"बरं," त्या म्हणाल्या, "ऊठ आता. लोक बघत असतील."

मी उठलो नाही. त्यांनीही फोन ठेवला नाही.