मावशींचा कोंबडा

कोंबडा काखेत धरून त्याच्या तुऱ्यावरून अंगठा फिरवत मावशी म्हणायच्या, "ह्यो हाय म्हणून कळप हाय, मास्तर."

लोणी काळभोरच्या अलीकडे, आमच्या सोसायटीच्या भिंतीला लागूनच त्यांचा मळा होता. मी सदाशिव पेठेतून तिथे राहायला आलेला निवृत्त मराठीचा शिक्षक. बारा कोंबड्यांत एकच नर का, असं मी एकदा विचारलं. "दोन ठेवलं तर भांडत्यात, अन् कोंबड्यांच्या पाठी सोलून निघत्यात. एकबी नसला तर घार आली कोन सांगनार?" तो स्वतः आधी खात नसे. दाणा सापडला की कोंबड्यांना बोलवायचा आणि बाजूला मान ताठ करून उभा राहायचा. "आमच्या मालकांनी असं कधी केलं न्हाई," त्या म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या.

पण तो पहाटे चारला आरवायचा. सोसायटीच्या सभेत ग्रामपंचायतीकडे तक्रार करायचं ठरलं. "सर, तुमचं मराठी चांगलं आहे. तुम्हीच लिहा." मलाही झोप मिळत नव्हती. मी लिहिलं, आणि मन लावून लिहिलं. 'कर्कश व अवेळी होणारा ध्वनी' या शब्दांवर तर मी खूश होतो.

महिन्याभराने मावशी नोटीस घेऊन माझ्याच दारात आल्या. "येवढं वाचून द्या."

मी वाचू लागलो. वाक्यं माझीच होती. 'कर्कश व अवेळी' हे शब्द मी भरभर वाचून टाकले.

"कुनी लिवलं असंल हो?"

"कमिटीने," मी म्हणालो.

"लई साफ लिवलंय," असं म्हणून त्यांनी कागदाची घडी घातली.

कोंबडा त्यांनी बहिणीच्या गावाला पाठवला. पुढच्याच आठवड्यात मी गॅलरीत चहा पीत होतो. मळ्यावरून घार फिरत होती. कोंबड्या माना खाली घालून टिपत राहिल्या. मी ओरडलो, पण माझ्या ओरडण्याचा अर्थ त्यांना कसा कळावा? घारीने एक उचलून नेली. पंधरा दिवसांत आणखी तीन गेल्या. उरलेल्या कोंबड्याही वाटून टाकायचं मावशींनी ठरवलं.

खरं सांगायला दोनदा त्यांच्या झोपडीपर्यंत गेलो. दोन्ही वेळा पावसापाण्याचं बोलून परतलो. तुम्हीही असे दारापर्यंत जाऊन परत आला असाल, पण त्याने मला काही सूट मिळत नाही.

लेकीकडे कायमचं राहायला जायच्या दिवशी, कोंबड्या वाटून झाल्यावर, त्या वर आल्या. पदराच्या टोकात सहा अंडी होती.

"शेवटची हायेत. तुमी कागद वाचून दिला, दुसरं कोन देतंय?"

"अहो मावशी, राहू द्या."

"घ्या हो."

मी दोन्ही हात पुढे केले. अंडी अजून कोमट होती.

त्या जिना उतरून गेल्यावर बायकोने विचारलं, "कशाबद्दल दिली?"

मी अंडी एकेक करून वाडग्यात ठेवत राहिलो.