राजा घाटावरची रेघ

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. देवापुढे बसलो तरी मनातल्या मनात ती उच्चारणं टाळतो, म्हणजे बघा. तुम्ही मला ओळखत नाही, माझ्या घरी येत-जात नाही, म्हणून तुमच्याजवळ बोलणं जमेल असं वाटतंय. पण सुरुवात कुठून करू? रेघेपासून नको. रेघेची मला अजून भीती वाटते.

सुपारीपासून करतो. इथे गंगेकाठी, ब्रह्मा घाटाच्या आसपास आम्हा मराठी माणसांची जुनी वस्ती. गणेशोत्सवात आमच्या मंडळात दरवर्षी वादसभा भरते, शास्त्रार्थाच्या चालीवर. एकाने पूर्वपक्ष मांडायचा — म्हणजे जे खोडायचं आहे तेच, पण जीव तोडून. दुसऱ्याने ते खोडून सिद्धान्त सांगायचा. पूर्वपक्ष घेणारा गणपतीपुढची सुपारी उचलून खिशात टाकतो. सभा संपली की ती परत ठेवतो आणि सगळ्यांसमक्ष सांगतो — हा पक्ष माझा नव्हता, यातलं अमुक खरं, अमुक नुसतं वादापुरतं. याला आम्ही पक्ष उतरवणं म्हणतो. न उतरवलेला पक्ष माणसाला चिकटून राहतो, असं आम्हाला लहानपणी बजावायचे. आम्ही हसायचो.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची ती सभा. पृथ्वी तापतेय, आणि आपण जाळलेल्या कोळशाच्या आणि तेलाच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड त्याला कारण आहे, असं तेव्हा वर्तमानपत्रांतून येऊ लागलं होतं. लगेच उलटही छापून यायचं — हे सगळं थोतांड, सूर्याचा खेळ. मंडळाने तोच विषय ठेवला. सिद्धान्त मांडणार होती वसुधा, माझ्या चुलतभावाची बायको. साताऱ्याकडची. इथल्या एका मुलींच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवायची. पूर्वपक्ष माझ्याकडे आला, कारण मी कॉलेजात न्यायशास्त्र शिकवतो आणि वादात मला हरवणारं मंडळात कुणी नव्हतं.

सभेच्या आधी ती स्वतः माझ्याकडे आली. माझ्या बाजूचे सगळ्यात चिवट आक्षेप तिनेच मला काढून दिले. 'भाऊजी, पूर्वपक्ष कच्चा ठेवू नका, नाहीतर लोकांना वाटेल मी बुजगावण्याशी भांडले,' म्हणाली. आणि मग प्रत्येक आक्षेपाचं उत्तरही तिने समजावलं. सूर्यच तापवत असता तर वरच्या थरातली हवाही तापली असती, ती तर थंड होत चाललीय. श्वासातून जातो तो कार्बन झाडांकडून आलेला, फिरता राहतो. जमिनीखाली युगानुयुगं गाडलेलं वर काढून जाळलं की ते मुळातल्यात भर घालतं. तिने पदराचं टोक बोटांत धरून पांघरुणाचं उदाहरण दिलं, तसा हा वायू ऊब आत कोंडतो म्हणाली. मला पटलं. हे नीट ऐका — मला त्याच दिवशी, त्याच खुर्चीत बसून पूर्ण पटलं होतं.

मग सभेत मी तसं का वागलो? हेवा, दुसरं काय. माझ्या घरातली माणसं माझ्यासमोर तिचं कौतुक करायची. ती पोटतिडकीने बोलायची आणि मी नुसता छान बोलायचो, हे मला कळत होतं आणि खुपत होतं.

सभेत मी आधी गंमत केली. आपण सगळे नाकाने तोच वायू सोडतो, आता श्वासावर खटला भरणार का? लोक हसले. वसुधाने शांतपणे एकेक आक्षेप खोडायला घेतला, आणि मला दिसलं की लोक हसायचे थांबलेत, ऐकताहेत. अध्यक्ष म्हणून बसलेले म्हातारे शास्त्रीबुवासुद्धा पुढे वाकून ऐकत होते. तेव्हा — कुठून सुचलं देव जाणे — मी उठून म्हणालो की राजा घाटाच्या अगदी खालच्या पायऱ्यांवर एक रेघ कोरलेली आहे. घाट बांधला त्या काळच्या लोकांची. जेठात, ऐन उन्हाळ्यात पाणी उतरलं की दिसते. आजोबांनी मला दाखवली. ती कोरली त्या साली असा उन्हाळा झाला की गंगा तिथवर खाली गेली. तेव्हा कुठे होते कारखाने, कुठे होत्या मोटारी? असं म्हणत मी हवेत बोट फिरवून रेघ दाखवली, डावीकडून उजवीकडे, आणि तिच्याखाली एक लहानसं त्रिशूळ.

अशी रेघ नव्हती. आजोबांनी मला काही दाखवलं नव्हतं. बाहेर भाद्रपदातली गंगा चढलेली, खालच्या पायऱ्या पाण्यात खोल गेलेल्या. कोण जाऊन बघणार होतं?

एका उन्हाळ्याने काही सिद्ध होत नाही, हे वसुधाला माहीत होतं. ती ते म्हणालीही. पण तिने आमच्याच चालीने विचारलं, 'तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलीय?' आणि मी म्हणालो, हो. आमच्याकडे प्रत्यक्षापुढे अनुमान टिकत नाही. तिचं सगळं अनुमान, माझं प्रत्यक्ष. शास्त्रीबुवांनी कधी नव्हे तो पूर्वपक्षाला कौल दिला. टाळ्या, पाठीवर थाप, पेढे — त्या गडबडीत पक्ष उतरवायचा राहिला. राहिला कसला? सुपारी माझ्या मुठीत होती. मी ती परत खिशात टाकली.

पुढच्या जेठात वसुधा रेघ शोधायला गेली. भर उन्हात, पदर डोक्यावर घेऊन, पायरी न् पायरी. नाही सापडली. माझ्यावर तिने शंका घेतली नाही. 'मी चुकीच्या जागी बघत असेन,' म्हणाली. मी म्हटलं, गाळ साचला असेल. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातही ती गेली. दरम्यान तिच्या शाळेच्या मोठ्या बाईंनी तिला सुनावलं होतं, 'जब लकीर है ही, तो बच्चियों को क्यों डराती हैं?' तिने शाळेत तो विषय काढणं बंद केलं. घरी जेवणावर कुणी काढलाच तर उठून पाणी आणायला जायची.

आणि मग रेघ बोलू लागली. म्हणजे — लोक बोलू लागले, पण मला ते तसं ऐकू यायचं. दशाश्वमेधावर एक अनोळखी भटजी यजमानाला सांगत होता. पानाच्या दुकानात कुणीतरी. शब्द माझे, मध्ये थांबणं माझं. बोटसुद्धा तसंच फिरायचं, डावीकडून उजवीकडे. एकदा नावेत बसलो होतो. राजा घाट आला तसा नावाडी वल्हं थांबवून म्हणाला, 'ऊ देखा बाबूजी, राजा लोगन के जमाना क लकीर हौ. तब्बो एतनै गरमी पड़त रहल.' तेव्हाही एवढंच तापायचं म्हणे.

मी पाहिलं. पाण्याच्या जरा वर, काळ्या पडलेल्या दगडावर रेघ होती. खाली त्रिशूळ.

कुणीतरी कोरली असणार. यात्रेकरूंना दाखवायला, दुसरं काय? मीही स्वतःला तेच सांगितलं. दुसऱ्या दिवशी पायऱ्या उतरून जवळ गेलो. खाच जुनी दिसत होती, आतलं शेवाळ वाळून दगडाशी एक झालेलं. आणि डाव्या टोकाला दगडाचा टवका उडालेला होता. त्या दिवशी सभेत बोलताना माझ्या डोळ्यांपुढे जी रेघ आली होती, तिचंही डावं टोक असंच तुटकं होतं. ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात वसुधा घरी आली. चेहरा उजळलेला. 'भाऊजी, सापडली. उगीच इतकी वर्षं मनात किंतु ठेवला. मुलींना घेऊन चाललेय, तुम्हीही चला.' मी गेलो. नाही म्हणता आलं असतं. तिने वर्गातल्या मुलींना पायरीवर उभं केलं आणि सांगितलं की मी पूर्वी शिकवायची ते चूक होतं. पृथ्वी अशी तापते, निवते, त्यात माणसाचा हात नसतो. आपली चूक कबूल करायला लाजायचं नसतं. मग माझ्याकडे वळून विचारलं, 'हीच ना, भाऊजी?'

सुपारी त्या दिवशीही माझ्या खिशात होती. तिला अजून कीड लागलेली नाही.

'हीच,' मी म्हणालो.

वसुधा हसली. मग एकेक मुलगी खाली वाकून त्या रेघेवरून बोट फिरवू लागली, डावीकडून उजवीकडे, आणि शेवटची मुलगी होईपर्यंत मी तिथेच उभा होतो.